सत्तेचाळीस नंबरचं पाकीट

१

प्रयोगशाळेचं पत्र सकाळच्या टपालात आलं, तेव्हा मोठ्या बाई वर्गात पुराव्याची साखळी शिकवत होत्या. अंगावरचा कपडा रुग्णाच्या अंगावरून निघाला की तो कुणाच्या हातात गेला, किती वाजता गेला, कुठल्या कपाटात राहिला, हे सगळं लिहिलेलं हवं. एक कडी तुटली की साखळी संपली. हे वाक्य त्यांनी गेल्या अकरा वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की मुली त्यांच्या आधी ते पुरं करत.

रुग्णालयाला जोडलेल्या त्या महाविद्यालयात न्यायवैद्यक परिचर्येचा अभ्यासक्रम त्यांनीच सुरू केला होता. मारहाण झालेला, विष पोटात गेलेला, जबरदस्ती झालेला माणूस सगळ्यांत आधी नर्सच्या हाती येतो. त्याची शुश्रूषा करता करता त्याच्या अंगावरचा पुरावाही तिनंच जपायचा, हे शास्त्र. त्यावर बाईंचे निबंध छापून आले होते. परिषदांमध्ये त्यांना पहिल्या रांगेत बसवत.

शिपायानं निरोप आणला आणि बाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्यांनी पत्र पुढे सरकवलं.

"तुम्हीच वाचा. मला मोठ्यानं वाचवत नाही."

पत्र चार ओळींचं होतं. पाकीट क्रमांक ४७ मध्ये पोलिसांनी कळवलेल्या वस्तू, म्हणजे स्वेटर आणि नखांखालची खरवड, मिळाल्या नाहीत. आत एक पांढरा शर्ट होता. शर्टावरचे लाल डाग रक्ताचे नसून साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग यांचे आहेत.

"पाक," प्राचार्या म्हणाल्या. "आपल्याकडून पोलीस तपासासाठी पाक गेला, बाई."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तो पाक त्यांनी स्वतः, स्वतःच्या स्वयंपाकघरात उकळला होता. सहा आठवड्यांपूर्वीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, बारा मुलींच्या बारा शर्टांवर शिंपडायला.

"आणि खरं पाकीट?" त्यांनी विचारलं.

"तेच तर विचारतेय. सोमवारी सुनावणी आहे. पोलीस बाहेरून चौकशीला येण्याआधी आतून शोधा. तुमच्याइतकं हे कुणाला कळतं?"

२

सत्तेचाळीस नंबरची रुग्ण म्हणजे शिवणकाम करणारी चाळिशीची बाई. सहा आठवड्यांपूर्वी, परीक्षेच्याच मंगळवारी सकाळी आली होती. डोक्याला नऊ टाके. सोबत आलेला दीर सांगत होता, जिन्यावरून पडली. दीर बाहेर गेल्यावर ती म्हणाली, ह्यानंच ढकललं, घर माझ्या नावावर आहे म्हणून. पडताना मी ह्याच्या मनगटाला ओरबाडलं.

तिच्या दहा नखांखाली काय होतं, त्यावर सगळी केस उभी होती. आता ती नखं कधीच कापली गेली होती. जे होतं, ते पाकिटात होतं.

त्या सकाळी तिचं सगळं ज्या सिस्टरनं केलं, ती बाईंच्याच वर्गातली. नोकरी सांभाळून शिकणारी, शिकवलेला शब्द न् शब्द टिपून घेणारी. मैत्रिणींनी तिचं नाव 'टिपकागद' ठेवलं होतं आणि आता वॉर्डातही कुणी तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

बाईंनी नवी वही घेतली आणि आधी कारकुनाला गाठलं. तो भांडार आणि जुने कागद सांभाळायचा, त्याच्या खोलीत कायम वाळलेल्या डिंकाचा वास असे.

"तो दीर तुमच्याकडे दोनदा बसला होता म्हणे."

कारकुनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बसला होता. घरी सोडल्याच्या कागदावर शिक्का हवा होता त्याला. चहासुद्धा पाजला नाही मी, विचारा कुणाला! पुराव्याच्या कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सिस्टरांच्या खोलीत, एक तुमच्या पर्समध्ये. मला त्या कपाटाचा रंगसुद्धा आठवत नाही."

"हिरवा," बाई म्हणाल्या.

"बघा! मी करडा म्हणणार होतो."

मग हवालदार. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. टोपी मांडीवर ठेवून बसला.

"त्याच आठवड्यात शनिवारी मी आलो. सकाळच्या पाळीच्या सिस्टरांनी कपाट उघडलं. पाकिटावर नाव नसतं, गुप्ततेसाठी, हे तुम्हीच ठरवलेलं. नंबर बघितला, सत्तेचाळीस. सही बघितली, टिपकागद सिस्टरांची. सील बघितलं, शाबूत. घेतलं आणि गेलो."

"वस्तूंची यादी वाचली नाहीत?"

हवालदारानं मान खाली घातली. "नाही वाचली. ती माझी चूक, मी लिहून देतो. पण बाई, कपाटात दुसरं पाकीट असतं तर चुकलो म्हणालो असतो. एकच होतं. ते आणि एक रिकामा स्टीलचा ट्रे."

हवालदार जे जे बोलला, ते बाईंनी वहीत उतरवलं. ट्रेचं तेवढं लिहिलं नाही.

३

टिपकागद आली ती हातात पेन घेऊनच. सवयच तिची. बाईंनी तिला बस म्हटलं नाही.

"पाकिटावर अक्षर तुझं. सही तुझी. नंबर खऱ्या प्रकरणाचा. आत परीक्षेतला शर्ट. काय समजायचं मी?"

"मी स्वेटर आणि खरवडीच्या दोन पुड्या घातल्या होत्या, बाई. पुड्यांवर वेगळं सील लावलं. दहा पन्नासला कपाटात ठेवलं, रजिस्टरमध्ये नोंद आहे."

"मग शर्ट कुठून आला?"

टिपकागदनं विचारलं, "प्रयोगशाळेतल्या पाकिटावर वेळ काय आहे?"

"तीन वीस."

"तीन वीसला मी परीक्षेला बसले होते. तुमच्या समोर." मग हळूच म्हणाली, "आणि परीक्षेतल्या प्रकरणाला नंबर सत्तेचाळीसच होता, बाई. प्रश्नपत्रिकेत छापलेला. मला तेव्हा जरा विचित्र वाटलं, पण परीक्षेत कसं विचारायचं?"

बाईंनी टेबलाच्या खणातून प्रश्नपत्रिका काढली. होता. सत्तेचाळीस. त्या दिवशी दुपारी घाईघाईत प्रश्नाला नंबर द्यायचा राहिला होता. खरा वाटावा म्हणून त्यांनी सिस्टरांच्या खोलीतल्या रजिस्टरची शेवटची ओळ बघून तोच टाकला होता.

माणूस अडचणीत आला की आवाज चढवतो. बाईंनीही चढवला.

"नंबर कुठलाही असो! परीक्षेची पाकिटं बारा होती. बारा मी गोळा केली, बारा मोजून तपासली, बारा भांडारात गेली. तुझं त्यात होतं, त्याला मी गुण दिलेत. मग हे तेरावं कुणी केलं? वेळ काय, कुणीही कुठलीही लिहील. तो दीर वॉर्डात घिरट्या घालत होता, तुझ्याशी बोलला होता की नाही?"

"बोलला होता. मी त्याला बाहेर काढलं."

"कुणी पाहिलं?"

पेनाचं टोपण टिपकागदनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दाराशी जाऊन ती वळली.

"बाई, मला त्या परीक्षेत दहापैकी चार मिळाले. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. म्हणून विचारलं नाही."

त्याच दुपारी प्राचार्यांनी तिला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. शिफारस बाईंची होती. वॉर्डातल्या सगळ्यांच्या देखत तिनं किल्ल्या परत केल्या, आणि किल्ल्या मिळाल्याची पावती मागून घेतली. कुणीतरी हसलं.

४

बाई थोरल्या बहिणीजवळ राहत. अक्कांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी समोरच्याच्या बोलण्यात हातचा राहिला की त्यांना चैन पडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाईंनी सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं.

"हीच ना ती, जिची तू कौतुकं सांगायचीस? एकदा दाखवलं की विसरत नाही म्हणून?" अक्का म्हणाल्या. "मग तिला चार कसे दिलेस?"

"वस्तूंची यादीच चुकली होती गं. परीक्षेत शर्ट होता, हिनं पाकिटावर भलतंच लिहिलेलं. यादीचे तीन गेले. आतल्या घडीचे तीन गेले."

"घडी कशी घातली होती?"

बाईंनी कप तोंडाला लावला.

"आणि बाकीच्यांना घडीचे किती?"

"तीन."

"अकराही जणींना? तीनपैकी तीन?" अक्कांनी चष्मा काढला. "चौतीस वर्षांत मी एक वर्ग पाहिला नाही, ज्यात एकाचीही बेरीज चुकली नाही. छोटे, तू पाकिटं उघडलीस का?"

नव्हती उघडली. बाई परिषदेहून त्या शुक्रवारी परतल्या होत्या, अंग ठणकत होतं, निकाल त्याच दिवशी द्यायचा होता. बारा पाकिटं फोडायची, प्रत्येक शर्ट उलगडायचा, पुन्हा बांधायचा. दोन तासांचं काम. त्यांनी वरवर बघून वीस मिनिटांत उरकलं होतं.

"भलतंच म्हणजे काय लिहिलं होतं गं तिनं?" अक्कांनी विचारलं. "आठवतंय का?"

आठवत होतं. लाल शाईनं त्याखाली रेघ मारली होती, म्हणून आठवत होतं.

स्वेटर एक. पुड्या दोन.

कप बशीत ठेवताना तो वाजला. आता लपवायला काही उरलं नव्हतं, निदान स्वतःपासून. त्या मंगळवारी संध्याकाळी परिषदेला जायची गाडी चुकेल म्हणून त्या पळत होत्या. स्वतःच्या कपाटाचं कुलूप अडकत होतं. तेव्हा परीक्षेचा ट्रे त्यांनी पुराव्याच्या कपाटात, खऱ्या पाकिटाशेजारी ठेवला होता. त्या कपाटात दुसरी वस्तू ठेवायची नाही, हा नियम त्यांचाच. रजिस्टरमध्ये नोंदसुद्धा केली नाही. शुक्रवारी आल्या, हाताला लागली ती बारा उचलली, आकडा जुळला म्हणून समाधान मानलं. ट्रे तिथेच विसरल्या. आत तेरा होती. मागे राहिलं ते टिपकागदचं शर्टाचं पाकीट. नंबर तोच, सही तीच. हवालदारानं तेच नेलं.

तेरावं पाकीट कुणी केलंच नव्हतं.

"अक्का, मी निघते," बाई म्हणाल्या. "परीक्षेचा निकाल लागलाय. कारकून ती पाकिटं रद्दीत काढत असेल."

५

फाटकाजवळ पोती लागलेली होती. कारकून रद्दीवाल्याशी हुज्जत घालत उभा.

"प्रात्यक्षिक परीक्षेची पाकिटं कुठे आहेत?" बाईंना धाप लागली होती.

"ती काय, डावीकडचं दुसरं पोतं. बरं झालं आलात, ते शर्ट कपड्यांत मोजायचे की कागदांत, हा म्हणतोय—"

बाईंनी पोतं ओढत भांडारात नेलं आणि दार लोटून घेतलं. वरून सातवं पाकीट. मंगळवार, सकाळी दहा पन्नास. स्वेटर एक, पुड्या दोन. सीलपट्टीवर अर्धी इकडे, अर्धी तिकडे टिपकागदची सही. पट्टी जशीच्या तशी. कुणी फोडलं नव्हतं, कारण ज्यांनी फोडायचं त्यांनी कंटाळा केला होता.

जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

पाकिटाच्या कोपऱ्यात गुणांची चिठ्ठी स्टेपल केलेली होती. लाल शाईत दहापैकी चार. खाली शेरा: 'निष्काळजीपणा. लक्ष देऊन काम करावे.'

अक्षर बाईंचं.

भांडारात कुणी नव्हतं. चिठ्ठी निघाली, तर हे नुसतं एक हरवलेलं पाकीट होतं. कपाटाच्या मागच्या फळीखाली पडलं होतं, म्हणता येईल. बाईंनी नखानं पिनेचे पाय सरळ केले, पिन उपसली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली. हात मुळीच थरथरला नाही, याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

६

व्हरांड्यात टिपकागद उभी होती. कामावरून दूर केलेल्यांनी रोज हजेरीची सही करायची असते, त्यासाठी आलेली. बाईंच्या हातातलं पाकीट तिला लांबूनच ओळखू आलं. ती धावतच आली.

"सापडलं! बाई, सापडलं! सील आहे ना?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुठे होतं?"

"मागच्या फळीखाली," बाई म्हणाल्या. "घसरून पडलं असेल."

"म्हणजे मीच नीट ठेवलं नाही," टिपकागद म्हणाली. तिनं ते लगेच, काही न विचारता, अंगावर घेतलं. "पण मिळालं, ते महत्त्वाचं. ती बाई वाचली."

पाकिटाला हात न लावता ती वाकून बघू लागली. शिकवल्याप्रमाणे चारही कोपरे. मग तिनं खिशातून पेन काढलं.

"बाई, इथं कोपऱ्यात पिनेची दोन भोकं आहेत. मी पॅक केलं तेव्हा नव्हती. आताच्या आता लिहून ठेवायला हवं, नाहीतर कोर्टात विचारतील. काय लिहू? कशानं पडली असतील?"

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ही मुलगी काल सगळ्यांसमोर चोर ठरली होती, आणि आज पेन उघडून उभी होती, बाई सांगतील ते लिहून घ्यायला.

बाईंनी पर्स उघडली आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

टिपकागदनं चिठ्ठी वाचली. शेरा वाचला. पुन्हा वाचला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरत गेला, आणि बाईंनी तो ओसरताना पाहिला. नजर हलवली नाही, तेवढंच काय ते त्यांनी केलं.

"फळीखाली नव्हतं," बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या पोत्यात होतं. कपाटात ट्रे मी ठेवला. नंबर मी दिला. पाकीट मी उचललं, आणि न उघडता गुण दिले. चिठ्ठी मी आत्ता काढली, दहा मिनिटं झाली. हे असंच लिही."

टिपकागदचं पेन कागदावर टेकलं, थांबलं.

"तुम्ही लिहा, बाई," ती म्हणाली. "हे माझ्या अक्षरात नको."

७

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून विचारलं, "चिठ्ठीचं कुणाला कळलंय?"

"तिला. आता तुम्हाला."

"मग इतकं कशाला? पाकीट चुकून परीक्षेच्या गठ्ठ्यात गेलं, एवढं पुरे. न उघडता गुण दिले, चिठ्ठी काढली, हे कशाला चव्हाट्यावर? अभ्यासक्रम बंद पडेल."

"पाकीट सहा आठवडे भलतीकडे होतं. त्याला कुणी हात घातला नाही हे कशावरून, असं विरुद्ध बाजूचा वकील विचारणारच. बाकीची अकरा पाकिटंही पोत्यात आहेत. एकाचंही सील फुटलेलं नाही, आणि प्रत्येकाला घडीचे तीन गुण. मी एकही उघडलं नाही, याचा तेवढाच पुरावा आहे." बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मी कामचुकारपणा केला हे सांगितलं, तरच त्या बाईची नखं वाचतात."

सोमवारी कोर्टात पाकीट टेबलावर होतं, बाजूला बाकीची अकरा, आणि पारदर्शक पिशवीत ती चिठ्ठी. दिराचा वकील हसतमुख होता.

"पुराव्याची साखळी या विषयावर आपले नऊ निबंध आहेत, नाही का?"

"हो."

"आणि आपण परीक्षेची पाकिटं का उघडली नाहीत?"

"कंटाळा केला."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी शांत बसायला सांगितलं. वकिलानं चिठ्ठीवरचा शेरा वाचायला लावला, तोही मोठ्यानं. बाईंनी वाचला. "निष्काळजीपणा. लक्ष देऊन काम करावे."

"हा कुणाबद्दल?"

"लिहिला तेव्हा सिस्टरबद्दल. खरा माझ्याबद्दल."

पाकीट तिथंच, सगळ्यांसमोर उघडलं गेलं. स्वेटर कागदात, घडीला घडी न लागू देता गुंडाळलेला. पुड्या दोन, उजवा हात, डावा हात, प्रत्येकीवर वेळ आणि सही. प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यानं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, इतकं नेटकं काम आमच्याकडे वर्षात एखादंच येतं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा ती घडी पाहिली. दहापैकी दहाची होती.

पंधरा दिवसांनी खरवडीचा अहवाल आला. कातडी दिराची निघाली. जिन्याची गोष्ट तिथंच संपली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर शिवणकाम करणारी बाई समोर आली. टाक्यांच्या जागी केस अजून आखूडच होते. तिनं मोठ्या बाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ना त्या, ज्यांनी पाकीट फोडलं नाही? तुमचे उपकार कसे फेडू?"

बाईंना हात सोडवून घेता येईनात. सहा आठवडे हिचा न्याय रद्दीच्या पोत्यात पडून होता, आणि ही आभार मानत होती. "माझे नका मानू," त्या म्हणाल्या. "मी फोडलं नाही ते तुमच्यासाठी नाही. मला कंटाळा आला होता म्हणून. तुमचं काम त्या सिस्टरनं केलं. ती बघा, तिकडे उभी आहे."

ती बाई तिकडे वळली. दूर उभ्या असलेल्या टिपकागदला तिनं काय सांगितलं ते मोठ्या बाईंना ऐकू आलं नाही, आणि त्या जवळही गेल्या नाहीत.

त्या परीक्षेचे बाराही निकाल रद्द झाले. बाईंनी परीक्षक म्हणून राजीनामा दिला. शिकवायचं मात्र त्यांनी सोडायचं नाही, असं प्राचार्यांनी ठरवलं. ते बाईंना जास्त जड गेलं. ज्या वर्गात त्या शिरत, तिथं कुजबुज थांबायची.

टिपकागद महिन्याभरानं त्यांच्या खोलीत आली. या वेळी बाई उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. हातात फेरपरीक्षेचा अर्ज होता, त्यावर विषयशिक्षकाची सही लागत होती.

"मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे," बाई म्हणाल्या. "वॉर्डात. जिथं किल्ल्या घेतल्या, तिथंच."

"मागा," ती म्हणाली. "मी त्या दिवशी ड्यूटीवर असेन."

बाईंनी सही केली. तारीख घातली, वेळ घातली. टिपकागदनं अर्ज उचलला, सही तपासली, वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, आणि मग बाईंकडे न बघता म्हणाली, "तारखेत महिना चुकलाय, बाई."

बाईंनी अर्ज पुन्हा घेतला. चुकलेला आकडा खोडला, बरोबर केला आणि खोडल्याजवळ आपली सही केली.